जप्त जनरेटर लटारू मडावी यांच्या धुऱ्यावर परत ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
बोरडोह वनपरिक्षेत्र,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर.

विषय : जप्त जनरेटर अर्जदारास परत न देता मौजा मोहटोला येथील शेतकरी श्री. लटारू मडावी यांच्याकडे धानकापणीपर्यंत देणेबाबत.

संदर्भ : दि. ५ ऑक्टोबर २०२४ चा जप्ती पंचनामा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार गुणवंतराव सोमाजी गुरनुले, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. नागभीड, सविनय सादर करतो की, अर्जदाराचा जन्म इतरांचे अर्ज लिहिण्यात गेल्याने स्वतःस 'मी' म्हणण्याची सवय राहिलेली नाही. ती उणीव पदरात घ्यावी.

१. सेवानिवृत्तीनंतर अर्जदार घरात सर्वांच्या पायात येऊ लागल्याने चिरंजीव प्रणित याने पुण्याहून तंबू पाठवला. अर्जदाराने तो उभारण्यासाठी मोहटोला येथे श्री. लटारू यांच्या पडीक तुकड्यातील मोहाच्या झाडाखालची जागा त्यांच्या संमतीने निवडली. परंतु अर्जदाराच्या पत्नी आशाबाई यांनी "पंखा असन तर येतो मी, नाई तं तुमचं तुम्ही झोपा जंगलात," अशी अट घातली. सबब पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू होणारा सदर जनरेटर खरेदी करणे भाग पडले. रानातल्या शांततेसाठी रानात जाताना जनरेटर सोबत नेण्यातील विसंगती त्या वेळी अर्जदाराच्या ध्यानात आली नाही.

२. यंत्राचा धूर विषारी असल्याने ते तंबूपासून लांब ठेवावे, असे सोबतच्या पुस्तिकेत बजावले आहे. अर्जदार नियमाने चालणारा माणूस असल्याने त्याने वायर पुरेल तितके लांब, म्हणजे थेट लटारू यांच्या धानाच्या धुऱ्यावर (बांधावर) ते नेऊन ठेवले. आवाजाबाबत इतकेच नमूद करतो की, पिठाची चक्की शेतात आणून बसवल्याचा भास होत असे. आशाबाईंना मात्र पंख्याखाली गाढ झोप लागली.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी श्री. लटारू व त्यांच्या पत्नी बुधरीबाई चहा घेऊन हजर झाले आणि "भाऊ, पुढच्या शनवारी बी याच," असा आग्रह करून गेले. त्यापुढच्या शनिवारी शेजारचे श्री. मुखरू यांनीही आपल्या धुऱ्यावर येण्याचे निमंत्रण दिले. पुढे तर अर्जदार कोणाच्या शेताशेजारी उतरणार, यावरून त्या दोघांत चक्क कुरबूर झाली. अर्जदार मुक्कामाला आला की मंडळी भोवती बसत, अर्जदार नोकरीतले किस्से सांगे, मंडळी माना डोलावत आणि अगदी योग्य ठिकाणी हसत. कार्यालयात ज्या किश्श्यांना सुरुवात होताच लोक उठून पाणी प्यायला जात, त्यांची इथे कदर होते आहे, हे पाहून अर्जदार हुरळून गेला. आपल्यात गोष्टीवेल्हाळ माणूस दडला होता व शासनाने त्याला टपालाच्या टेबलावर वाया घालवले, असे त्याने आशाबाईंना बोलूनही दाखवले. त्यांनी पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

४. दि. ५ रोजी आपले वनरक्षक आले. जंगलालगत असा आवाज करता येत नाही, असे सांगून त्यांनी यंत्र जप्त केले व यापुढे परवानगीशिवाय मुक्काम करू नये, अशी समज दिली. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. त्यांनी वाटेवरून बऱ्याच हाका मारल्या होत्या म्हणे. अखेर त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा अर्जदार दचकला आणि कपातला चहा त्यांच्या गणवेशावर सांडला. पंचनाम्यात हे लिहिलेले नाही, तो त्यांचा चांगुलपणा.

५. दसऱ्याला अर्जदार सोने द्यायला मोहटोल्यास गेला असता लटारू यांचा निम्मा धान आडवा झालेला दिसला. रानडुकरे लागोपाठ येत होती. बुधरीबाई चिखलात बसून आडवी झालेली रोपे उचलून एकमेकांना बांधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुमची मशीन एक रात वाजली का आठवडाभर डुक्कर नाई फिरकत होतं भाऊ. म्हणून तं बलावत होतो."

अर्जदाराने धीर करून किश्श्यांची चौकशी केली. लटारू ओशाळून म्हणाले, "खरं सांगू का भाऊ, मशीनच्या आवाजात काही ऐकूच नाई येत होतं. तुम्ही हासले का आमी हासत होतो."

अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण समोर त्या घराचे वर्षाचे खाणे चिखलात पडले होते, आणि आपल्याला आपल्या किश्श्यांची पडली आहे, याची त्याला अधिक लाज वाटली.

६. तरी विनंती की, सदर यंत्र आपल्याला योग्य वाटतील त्या अटींवर कापणीपर्यंत लटारू यांच्या ताब्यात द्यावे. पेट्रोल अर्जदार पुरवील. हे नियमात बसत नसल्यास डुकरांना हाकलण्यासाठी खुद्द अर्जदाराची धुऱ्यावर नेमणूक करावी. अर्जदाराचा आवाज भिंतीपलीकडच्या शाखेत जात असे व त्याबद्दल त्यास लेखी समजही मिळालेली आहे. त्यास दोरी ओढावी लागत नाही आणि धूरही नाही.

७. अर्जदार त्या दिवशी निघाला असता बुधरीबाईंनी हाक मारली, "बसा न भाऊ. आता शांत हाय. ते काय सांगत होते तुम्ही, ते सांगा न." अर्जदार बांधावर बसला व हरवलेल्या फाइलीचा किस्सा सांगू लागला. नेहमीच्या जागी कोणीही हसले नाही. अर्जदाराने तो तिथेच आवरता घेतला, तेव्हा लटारू म्हणाले, "मंग? फाइल भेटली का नाई?" अर्जदाराच्या साऱ्या नोकरीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याने पुढचे सांगायला तोंड उघडले. एवढ्यात शेवटची बस आली.

सबब यंत्राचा निर्णय काहीही होवो, अर्जदारास त्याच जागी एका मुक्कामाची परवानगी मिळावी, ही वेगळी विनंती. लटारू यांचा फोन येऊन गेला आहे. ते अद्याप फाइलीचे विचारत आहेत. प्रकरण तातडीचे समजावे.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
गु. सो. गुरनुले
नागभीड, दि. १४ ऑक्टोबर २०२४

सोबत :
१) जप्तीच्या पावतीची छायाप्रत.
२) आडव्या पडलेल्या धानाची छायाचित्रे.
३) शेताचा हातनकाशा. यात यंत्र एका टोकाला व अर्जदार दुसऱ्या टोकाला दाखवला आहे.