माणसाची पावती

घोडपदेव, मुंबई
एप्रिल १९५६

प्रिय जयवंता,

त्या सकाळी मी देवळात गेलो होतो असं तुझ्या आईला सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. घोडपदेवाच्या पायरीला हात लावला, धुतलेली टोपी सारखी केली आणि तसाच पुढे पोलीसचौकीवर गेलो. जानेवारीतला गोळीबार नुकताच झाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून घरी न येता तू करी रोडला गंगुबाईमावशीच्या खाणावळीत, माळ्यावर राहिला होतास. हे मावशी, तुझा दोस्त दगडू आणि मी, एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं.

तू मॅट्रिक झालास त्या वर्षी मला इंग्रजी शिकवायचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं होतं, आठवतं? गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला मी. वडाळ्याच्या रेल्वे यार्डात राखणीचा जमादार, पण खात्याचं 'वॉच अँड वॉर्ड' हे नाव मला कुणाला उलगडून सांगता येत नसे. गॅलरीत बसून तू म्हणायचास, "बाबा, नीट ऐका. तुम्ही यार्ड गार्ड करता. आई कैरीचं लोणचं प्रिझर्व्ह करते. गोलकीपर गोल डिफेंड करतो." मी विचारलं, "आणि बाप पोराला काय करतो?" "प्रोटेक्ट," तू म्हणालास आणि लगेच हसलास, "पण जास्त केलं की पोर वैतागतं." आपल्याकडे या सगळ्याला एकच सांभाळणं. मला वाटायचं, इंग्रजांपाशी एवढे शब्द आहेत, म्हणजे ती माणसं राखत तरी किती असतील!

एक शब्द मात्र मला तुझ्याआधीपासून येत होता. कस्टडी. यार्डात कुणाची पेटी, गाठोडं, छत्री मागे राहिली की आम्ही ती 'सेफ कस्टडी'च्या खोलीत ठेवतो. मालक पावती घेऊन आला की जशीच्या तशी परत देतो. बावीस वर्षांत एक छत्री इकडची तिकडे झाली नाही. माझ्या लेखी त्याहून भरवशाचा शब्द नव्हता.

तुझी आई दोन दिवस जेवली नव्हती. "माझ्या झिलाक खय तरी सांभाळून ठेवा हो," एवढंच म्हणत होती. चौकीवरचे फौजदार सभ्यपणे बोलले. "बाहेर गोळ्या चालल्यायत, मामा. आम्ही त्याला प्रोटेक्टिव्ह कस्टडीत घेऊ. चार दिवस. आत राहील तर वाचेल." दोन्ही शब्द ओळखीचे. एक तू शिकवलेला, एक माझा. मी पत्ता सांगितला आणि इंग्रजी कागदावर सही केली. निघताना विचारलं, "साहेब, पावती?" दाराशी बसलेला हवालदार हसला. "मामा, माणसाची पावती नसते." तेव्हा तरी मी मागे वळायला हवं होतं. पण कागद तोवर त्यांच्या खणात गेला होता.

चार दिवसांचे तीन महिने झाले. त्या कागदातले लक्षात राहिलेले शब्द मी आमच्या हेडक्लार्कना, श्यामकांतरावांना, म्हणून दाखवले. पब्लिक, पीस, प्रोटेक्शन. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, यात राखायचंय ते पब्लिकला. तुमच्या मुलापासून." कुणाला राखायचं आणि कुणापासून, हे आधी विचारून घ्यायचं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. गावी आपला राखणदार देव वेशीवर उभा असतो. वर्षातून एकदा नारळ देऊन त्याला गाऱ्हाणं घालतो. तो कुणाला खोलीत कोंडत नाही. माणूस जाईल तिकडे जातो, तो पाठीशी राहतो. मी आपला जमादारच राहिलो रे.

इकडे सगळं ठीक आहे असं दर पत्रात लिहीत आलो. ठीक नाही. तुला नेल्यापासून चाळीनं दगडूशी बोलणं टाकलंय. पोरं त्याला 'ए खबऱ्या' म्हणून हाक मारतात. त्याची आई कमलाबाई नळावर आली की बायका तिचा हंडा पायानं मागे सारतात. तो माझ्याकडे येऊन विचारायचा, "काका, तुम्हाला तरी वाटतं का हो, मी सांगितलं असं?" मी म्हणायचो, "देव बघतोय." जयवंता, देव बघत होताच. मी मात्र देवाच्या आड उभा होतो.

तुझ्या मागच्या पत्रात एक ओळ मोठ्या अक्षरात होती. 'दगडूला आपली पायरी चढू देऊ नका.' ती वाचल्यापासून आठ दिवस हे पत्र लिहितोय. तुझी पत्रं तुरुंगातले साहेब आधी वाचतात. वाचोत. परवा तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती देवापुढची समई पुसत बसली. काल रविवारी सकाळी नळाला पाणी आलं, तेव्हा सगळी चाळ खाली होती. मी कमलाबाईचा हंडा उचलून सगळ्यांच्या पुढे, नळाखाली ठेवला आणि म्हटलं, "जयवंताचा पत्ता मी दिला. दगडूनं नाही." कुणी शिवी दिली नाही. दगडूनं भरलेला हंडा खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता जिना चढला. तू कधी सुटशील ते मला कुणी सांगत नाही, आणि तुला परत मागायला गेलो तर हातात दाखवायला काही नाही. आज सकाळी तुझी आई पाण्याला गेली, तर आपला हंडा कुणीतरी रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला होता. तिनं तो तिथंच राहू दिला.

तुझाच,
बाबा