आईच्या हयातीचा दाखला

आप्पा, तुम्हाला मशीन फार आवडायची. कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट करून आलात की म्हणायचात, "मान्सापरीस मशीन बरी. बटान दाबलं की काम. उलटं बोलत न्हाई." शेवटचं वाक्य आईकडे बघून असायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी तुमच्या आठवणीनं रडले नाही. आज लिहायला बसले तेही प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. तुम्हाला ऐकवण्यासारखी एक मशीन माझ्याकडे आहे, म्हणून.

दौंडच्या एका संस्थेत मी नोकरी करते. सरकारी कामं सुधारायला एआय वापरा, आम्ही अनुदान देतो, अशी योजना निघाली. तिचा प्रस्ताव मी लिहिला. निराधार बायकांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सांगायला तहसीलचे हेलपाटे घालावे लागतात. त्याऐवजी गावातल्याच केंद्रावर मशीनपुढे चेहरा दाखवायचा, मशीन तो जुन्या फोटोशी ताडून बघणार आणि हयातीचा दाखला देणार. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आईच होती. ती यवतला एकटी राहते. निराधारचा पगार, म्हणजे या दाखल्यावर दरमहा मिळणारं सरकारी पेन्शन, हा तिच्या आयुष्यातला पहिला पैसा, जो कुणाचं तोंड न बघता हातात येतो. तुमच्याकडे मिठाला मागतानाही तिचा आवाज कसा व्हायचा, ते मला ठाऊक आहे. अनुदान मंजूर झालं, दौंड आणि शिरूर दोन्ही तालुक्यांसाठी. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले.

मशीनला आधी आपल्या भागातल्या बायकांचे चेहरे शिकवावे लागतात. फोटो भरपूर हवे होते आणि वरून घाई होती. दिवस संक्रांतीचे. मी तळेगाव ढमढेऱ्याला, माझ्या सासरी, मोठं हळदी-कुंकू ठेवलं आणि वाणाला स्टीलचे डबे लुटले. बायका नटूनथटून आल्या, हसत फोटो देऊन गेल्या. मग गावोगाव तेच. काय डोकं चालवलंस, म्हणून ऑफिसात माझं कौतुक झालं. हळदी-कुंकवाला विधवांना कुणी बोलावत नाही, हे मला काय कुणी नव्यानं सांगायला हवं होतं? विधवांसाठीची मशीन, आणि तिनं पाहिलेली बाई न् बाई सवाष्ण! परमुलखातल्या माणसानं ठरवून करायची म्हटली तरी त्याला ही चूक जमली नसती.

मशीन सुरू झाली तशी मोकळ्या कपाळाच्या बायकांना ती ओळखेना. यवतच्या केंद्रावरच्या ऑपरेटर बाईंनी त्यावर उपाय शोधला होता. मला तो कळला, मी आईला घेऊन गेले तेव्हा. आईचा जुना फोटो तुम्ही असतानाचा, कपाळभर कुंकवाचा. मशीन पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, चेहरा जुळत नाही. ऑपरेटर बाईंनी ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट काढलं. "मावशी, एवढी टिकली लावा. मशीनला वळख पटंना. समद्याच लावत्यात. दाखला निघाला की टाका काढून." बाई चांगली होती हो, अगदी मायेनं बोलत होती.

आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई भाकरी थापतेय. चुलीच्या धगीनं कुंकू ओघळलंय, तिनं पदरानं पुसून घेतलंय. तुम्ही दारात. "कपाळ मोकळं? नवरा मेलाय का तुझा?" ताट भिंतीवर जातं. मग तुम्ही अंगठा करंड्यात बुडवून तिच्या कपाळावर असा दाबता, की डोकं मागं आपटतं. तुम्ही गेलात तेव्हा तिचं कुंकू पुसायला बायका जमल्या. त्या आत येईपर्यंत ही तोंड धुऊन बसली होती. लोक म्हणाले, धक्क्यानं असं झालं. कसला धक्का!

"आई, राहू दे. मी तलाठ्याकडून लिहून आणते," मी म्हणाले. ती म्हणाली, "रांग खोळंबलीया." बाईंनी टिकली चिकटवली. मशीन लगेच गोड आवाजात बोलली, अभिनंदन, आपण हयात आहात. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बघा बया, नवऱ्याबिगर सरकार बी वळखंना." सगळ्या हसल्या. आईही हसली. मला त्या हसण्याची चीड आली, अजून येते.

घरी येऊन तिनं भांड्याच्या साबणानं कपाळ घासलं. "पुढच्या वर्सालाबी ह्येच का?" मी म्हणाले, मी मशीन सुधारून घेते. "नगं. मी मेले म्हून लिव्ह. मेलेल्याला कोन तोंड दाखव म्हनत न्हाई."

"आणि पैसे?"

"मागंन की तुला. त्येच्याकडं मागितलं, आता तुझ्याकडं." तिनं ते अगदी सरळ सांगितलं.

मी साहेबांकडे गेले. मशीन थांबवा, विधवांचे फोटो घेऊ, पुन्हा शिकवू. ते म्हणाले, "दाखले निघतायत ना? अनुदानाचा दुसरा टप्पा तोंडावर आलाय." वर म्हणाले, अहवालात आईंचा फोटो टाकू. स्वतःच्या आईपासून सुरुवात, लोकांना भिडतं. फोटो टिकलीतला.

आमच्या मशीनवर हयात आणि मयत अशी दोनच बटणं आहेत. मला हा पगार नको, असं सांगायला तिसरं नाही, कारण मी ते प्रस्तावात लिहिलंच नव्हतं. सरकारी पैसा कोण नको म्हणणार? काल मी मयत दाबलं. मशीननं कारण विचारलं, मी 'इतर' निवडलं. चेहरा जुळत नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. मेलेल्या बाईचा फोटो अहवालात टाकता येत नाही, त्यामुळे साहेब नाराज आहेत. आणि आई आता महिन्याच्या शेवटी माझ्याकडे मागेल, त्याच आवाजात.

सरकारदरबारी ती तुमच्याकडे आलेली आहे, आप्पा. वाट बघू नका. हे पत्र मी फाडणारच आहे, तेव्हा एक सांगून टाकते. तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, आणि कळलं तर ते तुम्हालाच कळेल. त्या दिवशी केंद्रावर, टिकली लावल्यावर, आई मला बरी दिसली.