टीव्हीत ही दिसते

३ मार्च

टीव्ही बिघडला. वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली. कंपन्यांच्या टायमिंगला दाद द्यायला हवी.

बिघाड असा: कुठलंही चॅनल लावा, चित्राच्या मागे हिचा चेहरा दिसतो. फिकट, पण दिसतो. ही गेल्यावर लोक भेटायला येत होते. फ्रेमवाला फोटो वेळेत देईना, म्हणून मुलीने हिचा फोटो टीव्हीच्या स्क्रीनवरच दिवसरात्र लावून ठेवला. लोक गेले, मुलगी तिच्या घरी गेली, फोटो काढला. चेहरा काही गेला नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हा सरळसरळ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. उद्यापासून कंपनीच्या हात धुऊन मागे लागणार.

४ मार्च, सकाळी

अख्खी नोकरी वीज ऑफिसच्या तक्रार खिडकीत काढली. तक्रारी कशा टोलवतात, हे मला कोणी शिकवू नये. आठवड्याभरात पॅनल बदलून घेतो. तेही फुकट.

दुकानात ही म्हणत होती, वाढीव वॉरंटी घेऊन ठेवू. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, टीव्ही काय, आपण काय, इतक्यात कुठे जातोय! मुद्दा म्हणून माझं बरोबरच होतं.

दुपारी

कस्टमर केअर. आधी बराच वेळ गाणं. मग एक मुलगी. प्रॉब्लेम काय आहे, म्हणाली. म्हटलं, टीव्हीत ही दिसते. ही म्हणजे काय, म्हणाली. म्हटलं, ही म्हणजे आमची ही. यात न कळण्यासारखं काय आहे? वॉरंटी संपलीय म्हणाली. ठणकावून सांगितलं, दोष जन्मजात आहे, वॉरंटीचा संबंध नाही. शेवटी तक्रार नोंदवली. पहिला विजय.

७ मार्च

कंपनीचा मेसेज. तक्रारीचं स्वरूप: 'ग्राहकाच्या पत्नीला टीव्ही नीट दिसत नाही.'

दुरुस्त करून घ्यायला फोन लावला. गाणं ऐकलं आणि ठेवून दिला. हिने गुणगुणलं असतं, असं गाणं आहे.

११ मार्च

त्रास वाढतोय. बातम्यांत हवामानाचा नकाशा नेमका हिच्या कपाळावर येतो. मॅच लावली की गोलकीपर हनुवटीपाशी उभा. गोल झाला आणि ही हसल्यासारखी वाटली. मॅच बंद केली. घाबरून नव्हे. हिला मॅच आवडायची नाही, एवढंच.

हिची सिरीयल लावली. चेहरा जास्त ठळक होतो का ते बघायला. टेस्टिंग. होतो. उद्या परत बघायला हवं.

१५ मार्च

टेस्टिंग चालू. सिरीयलमधला धाकटा जावई पक्का नालायक निघाला. हिने हे मागेच सांगितलं होतं.

चहा दोन कप झाला. हाताची सवय. डोकं ठिकाणावर आहे.

टीव्ही बंद करताना हल्ली आधी आवाज कमी करतो. एकदम अंधार चांगला नाही. पॅनलला.

१७ मार्च

मुलीचा फोन. बाबा, नवीन टीव्ही पाठवते, म्हणाली. म्हटलं, प्रश्न टीव्हीचा नाही, तत्त्वाचा आहे. मग म्हणाली, आई अजून दिसते का? म्हटलं, दिसते ना, तीच तर तक्रार आहे. व्हिडिओ कॉल करून दाखवा, म्हणाली. मोबाईल टीव्हीसमोर धरला. बराच वेळ धरला. दोघीही काही बोलल्या नाहीत. हात भरून आला.

२० मार्च

मेकॅनिक आला. दारातच विचारतो, काकू कुठे आहेत, त्यांना काय दिसत नाही ते बघू. म्हटलं, आत आहे. तो स्वयंपाकघराकडे बघत उभा राहिला. मग टीव्ही लावून दाखवला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

म्हणाला, हा लॉटच खराब आहे. चांगल्या पॅनलवर कितीही वेळ फोटो लावा, तो काही धरून ठेवत नाही. कंपनीला कळवतो, वॉरंटी नसली तरी बदलून देतील.

जिंकलो! त्याला म्हटलं, घाई नाही. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

२६ मार्च

पॅनल मंजूर. कंपनीचा फोन: उद्या येऊ का? म्हटलं, उद्या घरी नाही. परवा? परवा दाताच्या डॉक्टरकडे. त्यानंतर? त्यानंतर कुठेतरी जायचंय.

पुन्हा फोन. पुन्हा मेसेज. आता कंपनीच माझ्या हात धुऊन मागे लागली आहे. सेवा सुधारल्या की अशा सुधारतात.

२ एप्रिल

ठरलं. उद्या बदलून घेणार. तत्त्व म्हणजे तत्त्व. आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील? लोक म्हणजे ही. अर्धवट सोडलेलं काम हिला खपायचं नाही.

संध्याकाळी मुद्दाम टीव्ही लावला नाही.

मग लावला. सिरीयल नव्हती. नुसतीच ही.

३ एप्रिल

पॅनल बदलला. मला वाटलं होतं, दिवस जाईल. चहा होईपर्यंत झालंसुद्धा.

जुना पॅनल परत न्यायचा, असा कंपनीचा नियम आहे. म्हटलं, जरा सांभाळून. मेकॅनिक म्हणाला, काका, हा भंगारातच जाणार. मग माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी उचलून नेला.

चित्र लख्ख. पूर्ण विजय.

५ एप्रिल

कालपासून हिचा फोटो टीव्हीवर लावून ठेवला होता. टेस्टिंग. आज काढला, बातम्या लावल्या. नकाशा स्वच्छ. सगळीकडे कोरडं हवामान.

फोटो परत लावला. जरा जास्त वेळ ठेवून बघतो. घाईने निष्कर्ष काढू नये.

९ एप्रिल

पॅनल उत्तम आहे. काही धरून ठेवत नाही.

कस्टमर केअरला फोन केला. गाणं पूर्ण ऐकलं. तीच मुलगी. मोठ्या उत्साहाने म्हणाली, काका, नवीन पॅनलला वॉरंटी आहे, बिनधास्त सांगा काय प्रॉब्लेम आहे.

म्हटलं, टीव्हीत ही दिसत नाही.

ही म्हणजे काय, असं तिने या वेळी विचारलं नाही. मग म्हणाली, काका, हे वॉरंटीत बसत नाही हो.

म्हटलं, असू दे. रिमोटचे सेल बदलून बघतो.