घसा बसल्याचं खोटं

बाभुळगाव, १२ डिसेंबर १९६१

गफ्फारभाईंना कय्युमचा सलाम.

माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, हे अम्मीला आधी वाचून दाखवा. तिचा खोकला थांबला का?

काल आमच्या शाळेचा कळंबच्या शाळेशी फुटबॉलचा सामना होता. हॉटेलात सकाळपासून तीच चर्चा. "मास्तर, मांगच्या सालासारखं भाषण ठोका! कळंबवाले अजून भेऊन राह्यले," हॉटेलवाला बाबूसिंग म्हणाला. घसा बसलाय, असं मी खोटंच सांगितलं.

गेल्या वर्षी मी पोरांपुढे गरजलो होतो, "पाय मोडला तरी चेंडू सोडू नका!" आमच्या संघातल्या अमरसिंगनं सोडला नाही. त्याचा पाय मोडला. तो आता कुबडीवर चालतो, आणि ते वाक्य मला वर्गात शिकवतानाही ऐकू येतं.

काल सामन्याआधी मैदानावर मी गप्प उभा होतो, तेव्हा अमरसिंग कुबडी टेकत पुढे आला. माझ्यासारखाच हात उंचावून त्यानं तेच वाक्य ठोकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तुमचा घसा बसला तं मी बोललो, मास्तर," तो हसून म्हणाला.

एवढी पुस्तकं वाचली, भाईजान, पण पोरांना थांबवायला एक शब्द फुटला नाही. सामना संपल्यावर फाटकाशी उभं राहून मी प्रत्येकाची चाल पाहिली. सगळे धड पायांनी गेले. निकाल मला दुसऱ्याला विचारावा लागला.

अम्मीला एवढंच सांगा, आम्ही जिंकलो.

तुमच्या दुवांवर चालणारा,
कय्युम