नवव्या पानावरचा मुलगा

अल खर्ज, सौदी अरेबिया

प्रिय वीणा,

हे पत्र आधी वहीत लिहिलं, चुका तपासल्या आणि मग पुन्हा उतरवलं; त्याचा फोटो मोबाइलवर पाठवतोय. नववीत आश्रमशाळा सुटली तरी ही सवय सुटली नाही. म्हणून तर आईच्या गोष्टीचं चित्रपुस्तक छापण्याआधी तू पानं तपासायला मलाच पाठवलीस. आपल्या कातकरी बोलीतलं, तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांसाठी. जेवणाच्या सुट्टीत मी ती इथल्या गोठ्यावर सगळ्यांना मोबाइलवर दाखवली. आमची बोली पुस्तकात आली, हे सांगताना ऊर भरून आला होता.

रत्नागिरीचा शारीक एकेक पान सरकवत होता. आठव्या पानावर चूल थंड आणि तू आईच्या मांडीवर भुकेने रडतेस. पुढचं पान मला माहीत होतं. कापणी झालेलं भाताचं शेत, आई बांधावरच्या बिळात धूर घालते आहे, मुलाचा हात खांद्यापर्यंत आत, शेजारी जाळावर भाजलेले उंदीर. मी मोबाइल काढून घेतला. कामाची वेळ झाली म्हणालो. कोणी हसलं नव्हतं, वीणा. कोणी हसायच्या आत मीच लाजलो.

त्याच दिवशी तुला कळवलं, की आईला ते पान नको आहे, तिनेच मला फोनवर सांगितलं. ती वीटभट्टीवर होती. मुकादमाचा फोन तिला कधीतरीच मिळतो, तू खात्री करू शकणार नाहीस, हे मी धरूनच चाललो होतो. तू आईचा शब्द मानलास.

छापलेल्या पुस्तकाचे तू पाठवलेले फोटो परवा शारीकने पाहिले. आठव्या पानावर तू भुकेली, आणि लगेच पुढच्या पानावर पोट भरून झोपलीस. तो म्हणाला, “अरे, पण मधे ती पोर जेवली काय?”

आईला अक्षरं येत नाहीत, ती चित्रंच वाचते. भट्टीवरून आल्यावर तिने पुस्तक दोनदा चाळलं आणि तुला विचारलं, “माझा पोरगा कुठं गेला?” तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही. आणि काल तू मला फोनवर म्हणालीस, की आई स्वतःचंच बोलणं विसरायला लागली, सोमवारी तिला डॉक्टरकडे नेते.

नेऊ नकोस. आई काही विसरलेली नाही. तिने तसं कधी म्हटलंच नव्हतं, खोटं मी बोललो. हे पत्र तिच्याजवळ बसून मोठ्याने वाच, एकही ओळ गाळू नकोस. मग ते पान परत घाल.

तुझाच,
बिळात हात घातलेला दादा,
जगदीश