ताईचे सोपे धागे

ता. १४, शुक्रवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच केलाय असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? कुंड्यांना पाणी स्वतः घालतेस, की शेजारणीला हुकूम सोडून भागवतेस? तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. धागेही मिळाले, त्यांचं मग लिहितो. कामात होतो म्हणायची सोय नाही, कारण मला काम नाही हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे.

ठाऊक नसेल त्याला सूनबाई कळवते. तिने मला विकायला काढलंय. हसू नकोस. तिच्या ऑफिसात साबण कसा खपवायचा याचे आराखडे करतात, तसाच एक तिने माझा केलाय. माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत कागद चिकटवलाय. मधोमध माझा फोटो, भोवती प्रश्न. आपला माल काय, गिऱ्हाईक कोण, इतरांकडे नाही असं आपल्याकडे काय? शेवटच्या प्रश्नापुढे ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘नजर’, म्हणजे माझी रंग जुळवणारी. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसतं.

मी तिला म्हटलं, अगं, या वयात मला कोण घेणार? तर म्हणाली, स्वतःला कमी लेखायचं नाही, हा पहिला नियम. तेव्हापासून मी काहीही खरं बोललो की ते कमी लेखणं ठरतं.

ही तक्रार नाही हं. बिचारी ऑफिसातून दमून येते आणि चपला काढायच्या आधी विचारते, आज कुणाचा फोन आला? लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो. चिरंजीवही खूश आहेत. बाप घरात बसून खचेल अशी त्यांना धास्ती होती. दोघं माझं इतकं करतात की मला त्या खोलीत धड श्वास घेता येत नाही.

कागदावर कारखान्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या आहेत. हिरवी असेल तिथे लगेच फोन करायचा, गुलाबी असेल तिथे एवढ्यात नाही, आधी ओळख काढायची. एका सकाळी मी सूत रंगवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याला फोन लावला. ती चिठ्ठी गुलाबी होती. तिथल्या साहेबाला माझा धीटपणा आवडला, येऊन भेटा म्हणाला. संध्याकाळी सूनबाईने टाळ्याच वाजवल्या.

“बाबा, तुम्ही माझा आराखडा मोडलात आणि तेच कामाला आलं.”

मी तो मोडला नव्हता, ताई.

असो. भेटीला जायचं म्हणून तिने दोन शर्ट आणले, कोणता घालणार म्हणून विचारलं. मी म्हणालो, हिरवा. दोघंही पोट धरून हसली, कारण त्यात हिरवा नव्हताच. थट्टा सुचतेय म्हणजे बाबा तयार आहेत, असं ठरलं. भिंतीवर माझ्या गुणांत ‘विनोदबुद्धी’ अशी भर पडली.

भेट झाली. साहेब बोलायला चांगला आहे. त्याने विचारलं, तुमचं काम जवळून पाहिलेलं कोणी आहे का? मी तोंड उघडायच्या आत, बरोबर आलेल्या सूनबाईने तुझं नाव सांगितलं. तू रंगखात्याची मुख्य होतीस, तुझा शब्द या धंद्यात अजून चालतो. सोमवारी तुला फोन येईल. काय बोलायचं ते मी तुला आधी लिहून कळवावं असं ठरलंय, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. माझी नजर लाखात एक आहे, एवढं म्हणायचंस. मग मंगळवारी मी रंग जुळवायला उभा राहीन.

आमच्या कारखान्याने माणसं कमी केली हे खरं. पण माझं नाव त्यांनी काढलं नव्हतं, मी आपणहून दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो होतो. वाचता येईल, चालता येईल, रस्ता ओलांडता येईल, असं ते म्हणाले. फक्त रंग आहेत तेवढेही जातील आणि परत येणार नाहीत. घरात सांगायचं म्हणून रोज मनाची तयारी करतो, आणि समोर भिंतीवर ‘नजर’ हा शब्द असतो.

आता तुझे धागे. तुझ्या हाताखाली लागलो तेव्हापासूनची आपली रीत, पत्रात दोन धागे घालायचे, दुसऱ्याने वेगळा ओळखून त्याला गाठ मारून परत पाठवायचे. कधी कधी तू मुद्दाम दोन्ही एकाच लडीतले पाठवायचीस आणि मी दिवसभर खिडकीशी डोळे फोडत बसायचो. या वेळी मला वाटलं, ताईने पुन्हा खोडी काढली. हायसं वाटलं. मग सूनबाई टेबलावरचा कप उचलायला आली आणि धागे पाहून म्हणाली, “आत्यांनी या वेळी फारच सोपे पाठवलेत. एक हिरवा, एक गुलाबी. हे तर मलासुद्धा कळतं.”

मी म्हटलं, हो गं, वय झालं तिचं.

मागे तू आली होतीस तेव्हा निघताना मी दुसऱ्याच कुणाची शाल तुझ्या खांद्यावर घातली. तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. तेव्हाच ओळखलंस ना? म्हणून इतके सोपे पाठवलेस.

मला भीती वाटते, ताई. मी स्वतः सांगायला हवं, पण जीभ रेटत नाही. सोमवारी फोन आला की तुला माहीत आहे ते सांग. त्यानंतर सूनबाई तुलाच फोन करेल, भांडेल, कदाचित रडेल. तिला म्हण, तिच्या आराखड्यात काही खोट नव्हती. आणि तिला म्हण, संध्याकाळी मला काहीतरी विचारत जा.

दोन्ही धागे सोबत परत पाठवतोय. गाठ मारलेली नाही.

तुझ्याच हाताखाली रंग शिकलेला,
धाकटा