सुका बोंबील आणि त्याचं उजवं बटण

मी, श्रीमती जिजा धोंडी कुऱ्हाडा, वय ५८, धंदा शेती व पूर्वी व्हिडिओ गेमचं दुकान, राहणार झरी, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या घरी बसून, माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. मी सातवी शिकले आहे, त्यामुळे अंगठा नाही, सही करणार आहे. पोटातल्या गाठीने शरीर पोखरलं असलं तरी डोकं शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरात गेमचं मशीन आहे आणि या वयात मी ते खेळते, हे कळल्यावर डॉक्टरांनी मला आजचा वार पुन्हा विचारला होता. मी बरोबर सांगितला.

मला वारस दोन. मुलगी सौ. संगिता, झाईला दिलेली. मुलगा चि. धनेश. त्याच्या नावामागे 'चि.' मी विचार करून लिहिलं आहे. माझ्या पाठीमागे त्या जागी कोणी 'कै.' लिहिलं तर त्याचं तोंड मी वर जाऊनही बघणार नाही.

कलम १. झरी येथील राहतं घर, ओढ्याकडची भातजमीन आणि वरचा नागलीचा माळ हे सर्व धनेशचं. तो येईपर्यंत जमीन संगिताने कसावी, पीक तिनेच खावं. घराचं छप्पर दर पावसाळ्याआधी बघावं. मात्र सातबाऱ्यावरून धनेशचं नाव कोणाच्याही सांगण्यावरून कमी करू नये. संगिता, तुला कमी दिलं असं वाटून घेऊ नकोस गं. तू डोळ्यांसमोर आहेस, एवढाच काय तो फरक.

कलम २. दीर चिमण यांच्याविषयी. धनेश खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेला, समुद्रात हद्द चुकली आणि बोटीसकट सगळे पाकिस्तानच्या तुरुंगात गेले, हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. सात वर्षं झाल्यावर चिमणभाऊ माझ्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, सात वर्षं पत्ता नसला की कायद्याने माणूस गेलेला धरतात. गवताचा पुतळा करून त्याचे दिवस घालू. तो पण सुटेल, जमिनीचं पण मार्गी लागेल." माझ्या जित्या पोराचे दिवस घालायला निघाला होता मेला! मी हातातलं सूप त्यांच्या अंगावर फेकलं. त्याबद्दल मला जराही पस्तावा नाही. चिमणभाऊंना आमच्या दुकानातल्या मारामारीच्या गेमची तुटकी दांडी द्यावी. ती त्यांनीच तोडली होती. बाकी काही देऊ नये.

कलम ३. गेमचं मशीन. हे नीट लिहिते, कारण लोक याला भंगार समजतात.

माझे यजमान धोंडी वापीला नोकरीला होते. तिथलं एक पार्लर बंद पडलं तेव्हा त्यांनी जुनी मशिनं टेम्पोत घालून आणली आणि तलासरीच्या नाक्यावर दुकान टाकलं. मारामारीच्या आणि गाड्यांच्या गेमवर पोरं तुटून पडायची. एका मशीनकडे मात्र कोणी ढुंकून बघायचं नाही. त्यात एक होडी, धक्का आणि समुद्र. गोळी नाही, राक्षस नाही. दोघांनी मिळून खेळायचा, एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने जाळं. दोघे असले तरी मासा लागायला किती वेळ लागेल त्याचा नेम नाही. आणि एकट्याने कॉइन टाकलं तर होडी धक्क्याला बांधलेलीच. नुसतं पाणी हलतं, सकाळची दुपार होते, खांबावर एक बगळा येऊन बसतो. पोरं मशीनला लाथा घालायची. "काकी, तुमचा सुका बोंबील उचला इथून, कॅरम ठेवा!" तेव्हापासून त्याचं नाव सुका बोंबील.

मला तो आवडायचा. गल्ल्यावर गिऱ्हाईक नसलं की मी एकटीच कॉइन टाकून बसायची. यजमान म्हणायचे, "काय बघतेस गं त्यात? काही होतच नाही." अहो, काही होत नाही म्हणूनच तर! दिवसभर घरात, बाजारात, दुकानात माणसं अंगावर यायची. तिथे कोणी अंगावर येत नव्हतं. हरायचं नाही, जिंकायचं नाही, बगळा बघायचा. मला त्यात खरंच मजा यायची आणि ती कोणाला समजावता आली नाही.

धनेश चालता-बोलता झाला तसा माझ्या शेजारी स्टुलावर चढून बसायला लागला. डावं बटण माझं, उजवं त्याचं. त्याने उजवं दाबलं की दोर सुटायचा. तोवर पडद्यावर इंग्रजी चार अक्षरं लुकलुकत राहायची. डब्ल्यू, ए, आय, टी. आमच्या दुकानात सगळ्यांनाच अक्षरं लावता यायची, अर्थ कोणाला येत नव्हता. लावून वाचलं की 'वाईट'. पोरांना तर रागच यायचा, पैसे टाकून वर हा आपल्याला वाईट म्हणतो! मीही तेच समजत होते. बसून राहणाऱ्या बाईला वाईटच म्हणणार, दुसरं काय. पुढे धनेश सहावीत शिकून आला आणि पोट धरून हसायला लागला. "आई, तो वाईट म्हणत नाही गं. थांब म्हणतो!"

त्या दिवसापासून आमच्या घरात थांबला वाईट म्हणायची रीत पडली. चहा उतू जाईल, वाईट. एसटी येतेय, वाईट. परक्या माणसाला वाटायचं ही मायलेकरं सारखी भांडतात. बोटीवर जायला निघाला तेव्हा खिडकीतून हात काढून भर स्टँडवर ओरडला, "आई, वाईट!" लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हसत होते.

यजमान गेल्यावर बाकीची मशिनं विकली. भंगारवाल्यानेही बोंबील नाकारला, म्हणून तो घरी आणला. धनेश बोटीवर गेल्यापासून मी डावं बटण दाबून बसते. आता त्याला आवडणं म्हणावं का, मला कळत नाही. छातीत दुखतं, तरी बसते. बगळा आला की बरं वाटतं.

मधल्या काळात त्याच बोटीवरचा जिव्या सुटून आला. त्याला मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "काकी, आधी एका बराकीत होतो. मग आजारी म्हणून त्याला दुसरीकडे नेलं. पुढचं नाही माहीत." मी म्हटलं, "गेला असं कोणी बोललं?" म्हणाला, "नाही." मग झालं तर.

कलम ४. मशीन विकू नये, मोडू नये. दर दिवाळीत वाघबारशीला एकदा चालू करावं, कारण धनेशला घरी यायला तेव्हाच मिळायचं. डावं बटण कोणीही दाबावं. उजव्यावर मी तेलाच्या बाटलीचं झाकण चिकटवलं आहे, ते काढू नये. दुरुस्ती वायरमन संदीप करेल, तो या कागदाला साक्षीदारही आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून यजमानांची सोल्डरिंग गन आजच त्याच्या हातात दिली आहे.

कलम ५. हे संगितासाठी. धनेश आला तर दारातच विचारेल, "आई कुठे?" त्याला लगेच सांगू नकोस. आधी पाणी दे. मग मशीन चालू कर, तू डावीकडे बस, त्याला झाकण काढायला लाव. त्याने बटण दाबलं आणि होडी सुटली की मग सांग. आधी सांग, आई थांबली होती. गेली, ते नंतर सांग.

तो आलाच नाही तर काय करावं, हे मला लिहिता येत नाही. मला फार भीती वाटते. ते कलम कोरं ठेवते.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. वाचून बघितलं, बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

सही: जिजा धोंडी कुऱ्हाडा

साक्षीदार:
१. संदीप लक्ष्या धांगडा, वायरमन, तलासरी
२. सरिता रामू वरठा, अंगणवाडी सेविका, झरी

स्थळ: झरी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

ता. क. धनेश, वाईट.